पेशींच्या थराला घडी पाडताना: मॉडेलिंग नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पेशींचा सपाट थर वाकतो कसा, हे कॉम्प्युटरवर शिकायचं असेल तर फळमाशीच्या भ्रूणापासून सुरुवात करा. भ्रूण अर्धा मिलिमीटर लांब. फलनानंतर साधारण 3 तासांनी त्याच्याभोवती सुमारे 6000 पेशींचा एकच थर असतो. पोटाकडच्या पट्ट्यातल्या पेशींची बाहेरची टोकं आवळतात आणि काही मिनिटांत तिथे खाच पडते. 1981 साली ओडेल, ऑस्टर आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रकारच्या घडीचं मॉडेल केलं होतं, तेव्हा वाट नवी नाही. जीवशास्त्राची पदवी नाही म्हणून कचरू नका. मुंबईच्या आयआयटीत या विषयावरचं काम सिव्हिल इंजिनिअरिंगमध्येही होतं.

नवखे लोक पहिल्याच आठवड्यात थ्रीडीकडे धावतात. त्याऐवजी भ्रूणाचा आडवा छेद घ्या. 80 पेशींचं कडं, बाहेरची त्रिज्या 90 मायक्रॉन, आतली 60. प्रत्येक पेशी म्हणजे चौकोन, एकूण 160 बिंदू. बाहेरची कड जवळपास 7 मायक्रॉन, आतली 4.7. आता एका पेशीचं क्षेत्रफळ कोडकडून काढून घ्या. उत्तर 176.5 चौरस मायक्रॉन यायला हवं. वर्तुळाच्या सूत्राने 176.7 येतं, फरक कडा सरळ असल्यामुळे. उत्तर उणे आलं तर बिंदूंचा क्रम उलटा लागलाय. ही चूक इथेच सापडली तर बरं, नाहीतर पुढे पेशी स्वतःत गुंतत जातात आणि दोष भलत्याच ओळीला दिला जातो.

प्रत्येक आकाराला एक ऊर्जा द्या, ती कमी होईल तिकडे बिंदू सरकतात. या ऊर्जेत तीन गोष्टी: प्रत्येक पेशीचं क्षेत्रफळ राखणं, मधल्या बलकाचं क्षेत्रफळ राखणं आणि कडांचा ताण. कडांना ठरावीक ताण दिला तर एखादी कड आक्रसत शून्यावर जाऊ शकते. म्हणून स्प्रिंग द्या, मूळ लांबीसकट, म्हणजे ज्या लांबीला ती ओढतही नाही, ढकलतही नाही. जडत्व सोडून द्या, इतक्या लहान मापात घर्षणच सगळं ठरवतं: बिंदूचा वेग म्हणजे बल भागिले घर्षण. बलाचं सूत्र हाताने काढलं असेल तर एकेक बिंदू किंचित हलवून ऊर्जेतल्या फरकाशी ताडून पाहा. हा अर्धा तास कंटाळवाणा आहे, पण तो वाचवणारे पुढे महिना घालवतात. कालपावलं (हिशोब ज्या छोट्या वेळांच्या टप्प्यांनी पुढे सरकतो ते) निम्मी केल्यावर आकार बदलला, तर आधीची पावलं मोठी होती.

मग पोटाकडच्या 18 पेशींच्या बाहेरच्या कडांची मूळ लांबी हळूहळू पाचव्या हिश्श्यावर आणा. एका झटक्यात आणली तर पेशी उलट्या होतात. बहुतेकांना इथे उथळ खळगा मिळतो, खाच नाही. बाहेरचं टोक आवळलं, क्षेत्रफळ कायम राहिलं, त्यामुळे पेशी उंच झाली. तिथवर भ्रूणाशी जुळतं. खऱ्या भ्रूणात मात्र त्याच पेशी पुढे आखूड होतात आणि त्यांचा तळ, म्हणजे आतलं टोक, रुंदावतो. म्हणून दुसऱ्या टप्प्यात बाजूच्या कडांची मूळ लांबी कमी करून आणि तळाच्या स्प्रिंग सैल करून पाहा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर खाच कशाने पडली ते कळणार नाही. तशी ती वेगवेगळ्या बलांच्या जोड्यांनी पाडता येते. नुसती खाच दिसली म्हणून शोधनिबंध लिहायला घेऊ नका. पेशींची उंची काळानुसार कशी बदलते, ते सूक्ष्मदर्शकाच्या चित्रफितीशी ताडा. चित्रांतून पेशींच्या सीमा काढायला सेलपोज, मोजमापाला फिजी; दोन्ही सॉफ्टवेअर मोफत.

ताणाची आकडेमोड करताना एक सावधगिरी. लेझरने कड कापली की तिची टोकं ज्या वेगाने दूर जातात, त्यातून ताण आणि घर्षण यांचं गुणोत्तर मिळतं, निव्वळ ताण नाही. तेव्हा मॉडेलमध्येही गुणोत्तरंच वापरा. न्यूटनमध्ये आकडे लिहिले की अचूकतेचा नुसता भास होतो.

सगळं नीट बसवूनही कडं पाठीकडे फुगत असेल, तर बाहेरचं आवरण राहिलंय. खऱ्या भ्रूणाभोवती कडक पडदा असतो. 90 मायक्रॉनच्या पलीकडे गेलेल्या बिंदूला आत ढकलणारं बल घाला, तेवढ्या एका ओळीने फुगवटा थांबतो.