एमबीए कॉलेजचा ‘प्रवेश दर’ कसा वाचायचा: नाशिकच्या विद्यार्थ्यांसाठी

‘शंभर अर्जांतून फक्त पाच जणांना प्रवेश’ असं माहितीपत्रकावर छापलेलं दिसलं, की आधी एक गोष्ट विचारायची: हे पाच कोण? ज्यांना प्रवेश देऊ केला ते, की फी भरून प्रत्यक्ष वर्गात आले ते? या दोन आकड्यांत चौपट फरक असू शकतो, आणि जाहिरातीत नेहमी लहान आकडाच छापतात.

कागदावर चार आकडे मांडा: आलेले अर्ज, दिलेल्या ऑफर, प्रवेश घेतलेले विद्यार्थी आणि मंजूर जागा. ऑफरला अर्जांनी भागलं की खरा प्रवेश दर मिळतो. प्रवेश घेतलेल्यांना ऑफरने भागलं की ऑफर हातात असलेल्यांपैकी किती जण तिथेच थांबले ते कळतं. दुसरा आकडा कॉलेज सहसा सांगत नाही, आणि आमच्या मते तोच जास्त बोलका असतो.

समजा, एका कॉलेजात १२० जागा आहेत. अर्ज आले २,४००, ऑफर दिल्या ४८० आणि प्रवेश घेतले १२० जणांनी. जाहिरातीत १२० भागिले २,४००, म्हणजे ५ टक्के येईल. खरा दर २० टक्के आहे, आणि ऑफर मिळालेल्या चारांपैकी तीन जण दुसरीकडे गेले. शेजारच्या कॉलेजात ६० जागा, ३०० अर्ज, ७० ऑफर आणि ६० प्रवेश. इथला दर २३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वरवर पाहता हे कॉलेज ‘सोपं’. पण ऑफर मिळालेल्यांपैकी ८६ टक्के मुलं इथेच राहिली. विशिष्ट विषयाच्या अभ्यासक्रमांत असं बरेचदा दिसतं, कारण ज्याला तोच विषय हवा असतो तोच अर्ज भरतो.

आता अर्जांच्या आकड्याकडे. अर्ज करायला पैसे आणि कष्ट जितके कमी, तितके अर्ज जास्त आणि दर तितका कमी. आयआयएमसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठीच्या कॅट या सामायिक परीक्षेला २०२४ साली सुमारे २.९३ लाख उमेदवार बसले. आयआयएम अहमदाबादच्या मुख्य अभ्यासक्रमाला साधारण ४०० जागा आहेत. दोन्हींचा भागाकार करून ०.१४ टक्के हा आकडा सगळीकडे फिरतो. पण ते २.९३ लाख म्हणजे अहमदाबादचे अर्जदार नव्हेत, ते एका सामायिक परीक्षेचे परीक्षार्थी. हार्वर्डला स्वतंत्र अर्ज, निबंध, शिफारसपत्रं आणि २५० डॉलर फी लागते. तिथे २०२४ साली सुरू झालेल्या वर्गासाठी ९,८५६ अर्ज आले आणि ९३० विद्यार्थी दाखल झाले. हे प्रमाण ९.४ टक्के होतं, आणि ऑफर त्याहून जास्त दिल्या जात असल्यामुळे खरा प्रवेश दर आणखी वरचा. म्हणून ०.१४ आणि ९.४ एका तक्त्यात शेजारी मांडून काहीच सिद्ध होत नाही.

सिम्बायोसिसच्या एमबीए संस्थांची प्रवेश परीक्षा असलेल्या स्नॅपचं गणित आणखी वेगळं. परीक्षेची फी एकदा भरायची, मग प्रत्येक अभ्यासक्रमाची नोंदणी फी निराळी. पुण्याचं एसआयबीएम, एससीएमएचआरडी आणि आपल्या सिडकोतलं एसआयओएम अशा तीन ठिकाणी नोंदणी करणारी एकच मुलगी तिन्हीकडे मोजली जाते. मुलाखतीनंतर ती जाणार एकाच ठिकाणी.

नाशिकच्या बहुतेक मुलांचा संबंध मात्र राज्याच्या सीईटीशी येतो, आणि तिथे ‘प्रवेश दर’ ही गोष्टच नसते. मविप्रचं आयएमआरटी, गोखले एज्युकेशन सोसायटीचं जेडीसी बिटको, आडगावचं मेट यांच्या कॅपमधल्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतल्या) जागांसाठी कॉलेजनिहाय अर्ज होत नाहीत. कॉलेजांचा पसंतिक्रम देणारा ऑप्शन फॉर्म एकच भरायचा असतो. पात्रतेची अटही सैल आहे: पदवीला ५० टक्के (राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५) आणि सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण. परीक्षेत २०० प्रश्न आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे शून्य पडणं जवळपास अशक्यच. म्हणजे खालचं दार उघडंच आहे. कॉलेज किती चोखंदळ आहे ते त्याची शेवटची जागा किती पर्सेंटाइलला गेली, म्हणजेच त्याचा कट-ऑफ किती, यावरून ठरवायचं. (पर्सेंटाइल म्हणजे परीक्षार्थींपैकी किती टक्के जण आपल्या मागे आहेत तो आकडा.)

त्यासाठी सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून मागच्या तीन वर्षांच्या फेरीनिहाय कट-ऑफ याद्या उतरवून घ्या. कॉलेजच्या नावाखाली जागांचे कोड असतात. कोडच्या सुरुवातीला जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींसाठीची. शेवटी एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठाची, एस असेल तर राज्यस्तरीय. आपल्या भागासाठी होम युनिव्हर्सिटी म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मुलगा एल कोडचा कट-ऑफ पाहून खूश होतो, किंवा पहिल्या फेरीचा आकडा एका कॉलेजचा आणि तिसऱ्या फेरीचा दुसऱ्याचा घेऊन तुलना करतो. आपल्याच प्रवर्गाचा कोड आणि एकच फेरी धरा. ज्या प्रवर्गात दोन-तीनच जागा आहेत, तिथला कट-ऑफ एका उमेदवाराच्या येण्या-जाण्याने दहा-पंधरा पर्सेंटाइल हलू शकतो, त्यावर फार विसंबू नका.

पर्सेंटाइलचं क्रमांकात रूपांतर केलं की चित्र स्पष्ट होतं. १०० मधून पर्सेंटाइल वजा करा, परीक्षार्थींच्या संख्येने गुणा आणि १०० ने भागा. १ लाख जण बसले असतील तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे सुमारे ५,००० जण असतात, ९९.९ वाल्याच्या पुढे फक्त १००. मुंबईच्या जमनालाल बजाजची खुली यादी ९९.९ च्या वर बंद होते. तिथे दोन-तीन प्रश्नांनी प्रवेश हुकतो. उलट ६० आणि ७० पर्सेंटाइलच्या कॉलेजांमधला फरक मुलांच्या गुणवत्तेपेक्षा शहर, फी आणि बसच्या रस्त्यावरूनच जास्त ठरतो.

कट-ऑफमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत २० टक्क्यांपर्यंत जागा इन्स्टिट्यूट लेव्हलला, म्हणजे कॉलेज स्वतःच भरतं, आणि कॅपनंतर उरलेल्या जागाही तिथेच जातात. म्हणून एनआयआरएफच्या (केंद्र सरकारच्या शैक्षणिक संस्था क्रमवारीच्या) संकेतस्थळावर जा आणि व्यवस्थापन विभागात कॉलेजने स्वतः भरलेली पीडीएफ उघडा. मंजूर प्रवेश क्षमता आणि पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष दाखल झालेले, हे दोन आकडे शेजारी लिहा. १२० पैकी ६५ जागा भरल्या असतील, तर पात्र उमेदवार परत पाठवण्याची वेळ तिथे बहुधा आलीच नाही, मग माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो. त्याच तक्त्यात ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झालेले, नोकरी लागलेले आणि मध्यक (मीडियन) पगार असतो. तो पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो, सगळ्या वर्गाचा नाही. म्हणून नोकरी लागलेल्यांना उत्तीर्णांनी भागून ती टक्केवारी पगाराच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. कॉलेज एनआयआरएफमध्ये नसेल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या डॅशबोर्डवर क्षमता आणि प्रवेशसंख्या मिळते. पीजीडीएम संस्था (विद्यापीठाच्या पदवीऐवजी पदविका देणाऱ्या) कॅपच्या बाहेर असतात आणि त्यांची कट-ऑफ यादी सीईटी सेलकडे नसते, त्यामुळे तिथे या दोन ठिकाणांवरच भिस्त.

सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या कारखान्यांत प्रॉडक्शन-परचेसमध्ये काम करायचं असेल, तर दोन पर्सेंटाइलच्या फरकासाठी अडून बसू नका. त्या कॉलेजची मुलं मागच्या वर्षी समर इंटर्नशिपला कोणत्या कंपन्यांत गेली, याची यादी प्लेसमेंट ऑफिसात जाऊन मागा. टाळाटाळ झाली तर तीही माहितीच समजा.

ऑप्शन फॉर्म भरताना कट-ऑफची भीती बाजूला ठेवा. वाटप मेरिट क्रमांकाने होतं. वर अवघड कॉलेज टाकलं म्हणून खालच्या कॉलेजची संधी कमी होत नाही. क्रम आपल्या आवडीचा ठेवा, मात्र पहिला पर्याय नीट विचार करून टाका. तोच मिळाला तर जागा आपोआप फ्रीझ होते आणि पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. आणि मधल्या काळात एखाद्या संस्थेने ‘आमच्याकडे पाचच टक्के घेतो, आजच फी भरा’ असा तगादा लावला, तर मूळ कागदपत्रं तिथे ठेवू नका आणि पावतीशिवाय पैसे देऊ नका. वर्ग सुरू व्हायच्या आत प्रवेश रद्द केला, तर एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकी सगळी फी परत द्यावी लागते. त्यासाठीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.