कमांड लाइनवरून नेटवर्क इंटरफेस हाताळताना या चुका टाळा

इंदूरमध्ये बसून पीथमपूर आणि देवास येथील कारखान्यांतले सर्व्हर सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे. एवढ्या काळात आपोआप बिघडलेल्या नेटवर्क कार्डांपेक्षा माणसांनी बिघडवलेली कार्डेच मला अधिक भेटली. नव्याने कामाला लागलेली मुले हुशार असतात आणि कमांड त्यांना तोंडपाठ असतात. परंतु या यंत्रापर्यंत आपण कोणत्या वाटेने आलो आहोत आणि या कमांडनंतर ती वाट उरेल का, हा प्रश्न एंटर दाबण्यापूर्वी त्यांच्यापैकी फारच थोड्यांना पडतो. पुढील चुकांपैकी पहिली मला स्वतःला निस्तरावी लागली असल्यामुळे तिच्यावर जरा विस्ताराने लिहितो.

आपण आलो तोच इंटरफेस खाली-वर करणे

एसएसएचने (दूरच्या यंत्रावर कमांड देण्याच्या सुरक्षित जोडणीने) आत शिरल्यावर तोच इंटरफेस, म्हणजे यंत्राचे नेटवर्ककडचे दार, ‘डाउन’ करू नये, एवढे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे ही चूक उघडपणे होत नाही, चलाखीच्या वेषात होते. कुणीतरी सांगून ठेवलेले असते की ‘आयपी लिंक सेट’ची ‘डाउन’ आणि ‘अप’ अशी दोन्ही रूपे मध्ये अर्धविराम टाकून एकाच ओळीत द्यावीत, म्हणजे इंटरफेस क्षणभर जातो, लगेच परत येतो आणि चालू असलेले सत्र तेवढा वेळ तग धरते. यातले अर्धे खरे आहे, कारण टीसीपीची (एसएसएच ज्या नियमांवर चालते त्यांची) जोडणी दोन-चार सेकंदांच्या खंडाने तुटत नाही. उरलेल्या अर्ध्याने माझी एक संध्याकाळ खाल्ली.

जुलै महिना होता. पीथमपूरच्या एका कारखान्यातील डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरच्या कार्डावर त्रुटींचा आकडा वाढत होता, आणि माझ्या हाताखालच्या मुलाने तो इंटरफेस ‘एकदा ताजा करून घेऊ’ म्हणून वरची ओळ दिली. पडदा गोठला. ‘सर, डाउन आणि अप एकाच ओळीत दिले होते, परत यायलाच हवे होते,’ असे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. कारखान्याच्या चौकीदाराला फोन करून कार्डावरचा दिवा पाहायला सांगितले, तर तो म्हणाला, ‘साहब, हरी बत्ती तो चमक रही है.’ म्हणजे केबल ठीक, स्विच ठीक, कार्डही ठीक; मात्र सर्व्हर इंदूरहून दिसेना. शेवटी रेनकोट चढवून राऊच्या रस्त्याने भर पावसात मी तिथे गेलो.

मॉनिटर आणि कीबोर्ड जोडून पाहिले तेव्हा इंटरफेस ‘अप’ होता, पत्ता जागेवर होता आणि शेजारच्या यंत्रांना पिंग (‘आहेस का’ अशी विचारणा) जात होते. वाटांची यादी दाखवणारे ‘आयपी रूट’ दिल्यावर मात्र एकच ओळ दिसली, स्थानिक सबनेटची (त्याच जाळ्यातल्या शेजारी यंत्रांची). डीफॉल्ट रूट, म्हणजे बाहेरच्या पत्त्यांकडे जाण्याची वाट, नाहीसा झाला होता. इंटरफेस खाली गेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यावरून जाणारे सारे आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) रूट काढून टाकतो. इंटरफेस वर आला की पत्त्यावरून ज्याचे अनुमान करता येते तो स्थानिक सबनेटचा रूट तेवढा तो पुन्हा घालतो. डीफॉल्ट रूट कर्नलने स्वतःहून घातलेलाच नसतो. तो यंत्र सुरू होताना इंटरफेसच्या फाइलमधून वाचून ‘इफअप’ या कमांडने घातलेला असतो आणि या सगळ्या भानगडीत ‘इफअप’ला कुणी विचारलेलेही नसते. ‘आयपी रूट ॲड डीफॉल्ट व्हाया’ आणि पुढे गेटवेचा (बाहेर नेणाऱ्या राउटरचा) पत्ता, एवढ्या एका ओळीत काम झाले.

खरी नामुष्की पुढेच आहे. त्याच कपाटात, त्याच सबनेटवर बॅकअपचे दुसरे यंत्र चालू होते. इंदूरहून त्या यंत्रावर जाऊन तिथून या सर्व्हरवर एसएसएच केले असते तर ते बिनदिक्कत लागले असते, कारण एकाच सबनेटमधल्या दोन यंत्रांना गेटवेची गरज नसते. दोन मिनिटांच्या कामासाठी मी जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर भिजलो, ही गोष्ट त्या मुलाला मी आठवडाभर सांगितली नाही.

आयपीव्ही६ची, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीची, गत याहून वाईट असते. इंटरफेस ‘डाउन’ होताच हाताने दिलेले पत्तेच पुसले जातात आणि ‘अप’ केल्यावर ते परत येत नाहीत. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीवर ‘सर्व्हिस नेटइफ रीस्टार्ट’ दिल्यानंतरही डीफॉल्ट रूट गमावलेला असतो, म्हणून तिथे त्याच ओळीत पुढे ‘सर्व्हिस राउटिंग रीस्टार्ट’ द्यावे लागते. पहिली कमांड देऊन दुसरी नंतर टंकण्याचा बेत असेल, तर ती टंकायला सत्र शिल्लक राहत नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे. सर्व्हरवर बसून आधी ‘आयपी रूट गेट’पुढे माझ्याच संगणकाचा पत्ता देतो, म्हणजे उत्तराची पाकिटे कोणत्या इंटरफेसवरून बाहेर पडतात ते कळते. तोच इंटरफेस बदलायचा असेल तर ‘शटडाउन’ला दहा मिनिटांनंतरच्या रीबूटची वेळ लावून ठेवतो, काम नीट झाले की तो बेत रद्द करतो, आणि सत्र तुटलेच तर दहा मिनिटांनी सर्व्हर जुन्या, फाइलमध्ये लिहिलेल्या रूपात उठतो. हे साधन बोजड आहे असे तरुण मंडळी म्हणतात आणि ते खरेही आहे. जिथे रीबूट परवडत नाही तिथे मी टीमक्समध्ये (सत्र तुटले तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) ‘स्लीप’नंतर पत्ता आणि रूट पूर्ववत करणारी छोटी स्क्रिप्ट चालवतो. उबुंटूवर ‘नेटप्लॅन ट्राय’ हेच काम सभ्यपणे करते: १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर जुनी रचना परत येते. हे हाताशी असताना ‘नेटप्लॅन अप्लाय’ देऊन मोकळे होणाऱ्यांची घाई मला कधीच समजलेली नाही.

‘चालले’ म्हणजे ‘टिकले’ असे समजणे

‘आयपी’ कमांडने दिलेला पत्ता, घातलेला रूट किंवा बदललेला एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) केवळ चालू कर्नलच्या मेमरीत राहतो. वीज गेली, यूपीएसने दगा दिला, यंत्र पुन्हा सुरू झाले की तो गेला. या चुकीचा त्रास असा की ती करणारा आणि भोगणारा सहसा वेगळे असतात. एकाने मार्चमध्ये घाईघाईने पत्ता दिलेला असतो, नोव्हेंबरमध्ये रात्री रीबूट होते, आणि तेव्हा ड्यूटीवर असलेला दुसराच माणूस केबल तपासत बसतो.

याची उलट बाजूही तितकीच घातक आहे. फाइलमध्ये बदल करून ठेवायचा, तो लागू करून पाहायचा नाही, आणि पुढच्या रीबूटला एका चुकीच्या मोकळ्या जागेमुळे संपूर्ण रचनाच नाकारली जायची. नेटप्लॅनच्या यामल फाइलींत ओळीच्या आरंभीच्या मोकळ्या जागांना अर्थ असतो आणि तिथे टॅब चालत नाही, हे मी किती जणांना सांगितले याची मोजदाद सोडून दिली आहे.

फाइल कोणती बदलायची हेही आधी पाहावे लागते. नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम म्हणून एका यंत्रावर नेटवर्कमॅनेजर, दुसऱ्यावर सिस्टमडी-नेटवर्कडी, तिसऱ्यावर जुना इफअपडाउन असा प्रकार एकाच कारखान्यात आढळतो. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’मध्ये इंटरफेससमोर ‘अनमॅनेज्ड’ दिसले तर तो नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात नाही; ‘नेटवर्कसीटीएल’ नेटवर्कडीबद्दल हेच सांगते. हे दहा सेकंदांचे काम न करता मोबाइलवर सापडलेल्या चार ओळी दिसेल त्या फाइलीत चिकटवल्या की एकाच कार्डाला दोन धनी होतात, आणि मग पत्ता दर काही तासांनी का बदलतो याचा शोध सुरू होतो. मी फाइलमधील प्रत्येक बदलाच्या वर तारीख आणि कारण टिप्पणी म्हणून लिहितो. एवढी शिस्त पाळायला वेळ नाही असे म्हणणाऱ्याकडे रात्री अकराला फोन घेण्याइतका वेळ मात्र असतो.

पत्त्यापुढचा तिरका दंड विसरणे

‘आयपी ॲड्रेस ॲड’ला १९२.१६८.१०.५ एवढेच सांगितले आणि पुढे तिरका दंड व २४ लिहिले नाहीत, तर कमांड तक्रार न करता ३२चा प्रीफिक्स (पत्त्याचे सुरुवातीचे किती बिट सबनेट दाखवतात तो आकडा) धरते, म्हणजे सबनेटमध्ये ते यंत्र एकटेच. स्वतःला पिंग जाते, बाकी कुणाला नाही, आणि गेटवे घालू लागल्यास ‘नेक्स्टहॉप हॅज इनव्हॅलिड गेटवे’ असे उत्तर येते. मग माणूस गेटवेच्या मागे लागतो, चूक मात्र त्याच्या आधीच्या ओळीत असते. लिनक्सवरील जुने ‘इफकॉन्फिग’ अशा वेळी पत्त्याच्या जुन्या वर्गावरून मास्क (तीच सबनेटची हद्द) ठरवते, त्यामुळे १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्याला योगायोगाने २४ मिळतो. मात्र १०ने सुरू होणाऱ्याला ८ मिळतो आणि दूरच्या कार्यालयांतील १०चे सारे पत्ते शेजारीच आहेत असा त्या यंत्राचा समज होतो.

उरलेल्या चुका, थोडक्यात

लिनक्सवर केवळ ‘इफकॉन्फिग’ पाहून निदान करू नये. ‘आयपी’ने लेबलाशिवाय घातलेला दुसरा पत्ता त्यात दिसत नाही, आणि २०१७च्या डेबियन ९पासून ते मूळ स्थापनेत येतही नाही. मात्र हे वाचून फ्रीबीएसडी किंवा मॅकवर ‘आयपी’ शोधू नये, १९८३च्या ४.२बीएसडीबरोबर आलेले ‘इफकॉन्फिग’ तिथे आजही कामाचे आणि अधिकृत साधन आहे.

‘अप’ दिसले म्हणून केबल लागलेली आहे असे होत नाही. ‘अप’ म्हणजे आपण इंटरफेस चालू केला. समोरून सिग्नल येत असल्याची खूण ‘लोअर अप’ ही आहे, आणि ‘नो कॅरिअर’ दिसत असेल तर कीबोर्ड सोडून केबलकडे जावे.

नावावरून पत्ता कुणाला विचारायचा हे सांगणारी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ हाताने बदलू नये. त्यात १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला तर ती फाइल सिस्टमडी-रिझॉल्व्हडीची आहे, आणि तुमचे लिखाण तिथे फार काळ टिकणार नाही.

नवा पत्ता देण्यापूर्वी तो मोकळा आहे का, हे पिंगवरून ठरवू नये, कारण अनेक यंत्रे पिंगला उत्तरच देत नाहीत. ‘आर्पिंग’ला मोठ्या लिपीतला ‘डी’ पर्याय देऊन विचारावे. त्याच सबनेटमधल्या यंत्राला एआरपीचे (‘हा पत्ता कुणाचा’ या विचारणेचे) उत्तर टाळणे सहसा जमत नाही.

इंदूरच्या जेल रोडवरून आणलेले जादा कार्ड सर्व्हरमध्ये बसवताना जुन्या इंटरफेसचे नाव बदलू शकते हे ध्यानात ठेवावे. ‘ईएनपी३एस०’ या नावातील ३ हा पीसीआय बसचा (कार्डे जोडण्याच्या यंत्रातल्या मार्गाचा) क्रमांक आहे. नव्या कार्डाने बसची मोजणी सरकली की तेच जुने कार्ड ‘ईएनपी४एस०’ होते आणि फाइलमधील नावाचा इंटरफेस यंत्रात उरत नाही. मी अशा ठिकाणी फाइलमध्ये नावाऐवजी मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) जुळणी लिहितो.

शेवटची चूक वेगाची. लिंक संथ वाटली की काही जण ‘ईथटूल’ने ऑटोनिगोशिएशन (दोन्ही टोकांनी वेग आपसांत ठरवणे) बंद करून १०० आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी वाहतूक) ठोकून देतात, स्विचकडे मात्र पाहत नाहीत. स्विच अजून वाटाघाटीच्या अपेक्षेत असतो. समोरून प्रतिसाद न आल्याने तो वेग ओळखतो, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि नियमाप्रमाणे हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरतो. पिंग उत्तम जाते, मोठी फाइल मात्र रखडते आणि स्विचवर लेट कोलिजनचा (पाकिटांच्या उशिराच्या टकरींचा) आकडा चढत राहतो. तांब्याच्या केबलवरील गिगाबिटला तर ऑटोनिगोशिएशन आवश्यकच आहे, त्यामुळे ते दोन्ही टोकांना चालू ठेवावे, आणि तरीही वेग १००वरच अडकत असेल तर केबलच्या आठही तारा टेस्टरवर तपासाव्यात. १०० एमबीपीएस चार तारांवर चालते, गिगाबिटला आठही लागतात.