घरी पीसीबी मिल करताय? आधी उंची जमवा, मग या चुका टाळा

घरच्या छोट्या सीएनसीवर (संगणकानं चालणाऱ्या कोरणयंत्रावर) तांबं कोरून केलेला पीसीबी, म्हणजे सर्किट बोर्ड, बिघडला की पहिला आळ बिटवर (कोरणाऱ्या टोकावर) येतो आणि दुसरा मशीनवर. बडोद्यात माझ्या ओळखीची इंजिनिअरिंगची मुलं ३०१८ नावाचं छोटं सीएनसी मशीन घेतात, गॅलरीत नाहीतर माळ्यावर मांडतात, चार बिटं मोडतात आणि मग मशीनवर कापड टाकून ठेवतात. वाईट वाटतं. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन काढलं ते पोरांनी हातानं काम शिकावं म्हणून. दुपारी किकॅड या सर्किट आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला बोर्ड रात्री सोल्डर करून चालवून बघता येणं ही मोठी गोष्ट आहे. ती हातची जाते ती बहुतेक वेळा स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) फिरायच्या आधीच.

सगळ्यात मोठी चूक: बेड सपाट आहे असं धरून चालणं

नेहमीच्या कॉपर क्लॅड बोर्डावर तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिमी. मशीनचा बेड (बोर्ड ठेवायचा पाट), त्यावरचं एमडीएफ (दाबलेल्या भुशाची फळी), त्यावरची डबल टेप आणि जरासा वाकलेला बोर्ड, हे सगळं धरून १०० मिमीच्या अंतरात ०.३ मिमीचा फरक सहज पडतो. म्हणजे तांब्याच्या जाडीच्या आठपटीहून जास्त.

दांडिया बाजारातला एक मुलगा असाच बोर्ड घेऊन आला होता. "काका, बिट बोगस निघालं. दुसरं कुठलं मागवू?"

"आधी भिंग घे आणि चराची रुंदी बघ. सगळीकडे सारखी आहे का?"

नव्हती. डाव्या कडेला तांब्यावर नुसता ओरखडा, मल्टिमीटर लावला तर शेजारचे दोन ट्रॅक (तांब्याच्या वाटा) अजून जोडलेले. उजव्या कडेला चर इतका रुंद की पॅड (पिन सोल्डर करायची जागा) अर्धं खाल्लं गेलेलं, आणि चरातून फायबरची पांढरी पूड निघत होती. बिट तेच, फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) तोच, प्रोग्रॅम तोच. फरक फक्त उंचीचा.

हिशोब सोपा आहे. ३० अंशांचं, ०.१ मिमी टोकाचं निमुळतं व्ही-बिट ०.१ मिमी खोल गेलं तर चर साधारण ०.१५ मिमी रुंद पडतो. तेच ०.४ मिमी खोल गेलं तर ०.३१ मिमी, म्हणजे दुप्पट. ६० अंशांचं बिट असेल तर खोलीतली चूक रुंदीत याहूनही जास्त दिसते. म्हणून "तांबं कापलं जात नाही, अजून ०.१ खाली घेऊ" हा उपाय करू नका. त्यानं डावी कडा सुधारते आणि उजवी बाद होते.

उपाय म्हणजे हाइट मॅप, बोर्डाच्या चढउताराचा नकाशा. कंट्रोलरच्या प्रोब पिनची (बिट तांब्याला टेकलं हे ओळखणाऱ्या पिनची) एक वायर बोर्डाच्या तांब्याला, दुसरी क्लिप बिटला. कँडल किंवा बीसीएनसी या मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये दर १० मिमीवर एक बिंदू घ्या. मशीन प्रत्येक बिंदूला बिट हळूच टेकवतं, उंची नोंदवतं आणि मग त्या चढउतारानुसार मिलिंग करतं. लहान बोर्डाला यात थोडाच वेळ जातो, आणि हा वेळ वाचवायला जाऊ नये.

यातही ठरलेल्या चुका होतात. प्रोब लागतो की नाही हे न तपासता सुरुवात केली तर बिट तांब्याला टेकूनही खाली जातच राहतं आणि मोडतं. म्हणून बिट हवेत असतानाच क्लिप हातानं तांब्याला लावा आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रोबची खूण दिसते का बघा. कँडलमध्ये मॅप घेतला तरी तो वापरण्याची टिक वेगळी करावी लागते, आणि ती राहून जाते. मॅप घेतल्यावर बोर्ड उचलून पुन्हा चिकटवला तर तो मॅप गेला, नवा घ्या. आणि स्पिंडल चालू करण्याआधी बिटवरची क्लिप काढा, नाहीतर वायर गुंडाळली जाते.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत एमडीएफ ओलावा धरतं आणि फुगतं. मे महिन्यात फेस करून, म्हणजे वरचा थर छिलून, सपाट केलेला बेड श्रावणात सपाट राहिलेला नसतो. पावसाळ्यात मोठं काम हाती घेण्याआधी एमडीएफवर फेसिंगचा एक हलका पास मारून घ्या. आणि टेप सगळीकडे सारखी लावा. फक्त चार कोपऱ्यांना लावली तर मधला भाग बिटच्या दाबानं खाली दबतो.

स्पिंडल खरंच पूर्ण वेगानं फिरतंय का?

जीआरबीएलमध्ये (कंट्रोलर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) $३० हे सेटिंग स्पिंडलचा कमाल वेग सांगतं. ते १००० असेल आणि तुमच्या जी-कोडमध्ये (मशीनला दिलेल्या हुकमांच्या फाइलमध्ये) स्पीड १०० लिहिलेला असेल, तर मोटरला दहावाच हिस्सा पॉवर मिळते. बिट कण्हत फिरतं, तांबं कापण्याऐवजी ओढलं जातं आणि टोक उडतं. स्पीड लिहिलेलाच नसेल तर स्पिंडल न फिरताच बिट बोर्डात शिरतं. म्हणून बिट न लावता, झेड (वर-खालचा अक्ष) उंच ठेवून प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळी चालवून बघा. लेसर लावून काढला असेल तर $३२ (लेसर मोड) परत शून्य केलंय का, तेही बघा.

व्ही-बिटला ०.०५ ते ०.१ मिमी खोली आणि मिनिटाला १०० ते २०० मिमी फीड पुरतो. कोलेटचंही, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या चापाचंही, भान ठेवा. बहुतेक पीसीबी बिटांचा दांडा ३.१७५ मिमीचा असतो आणि कोलेट त्याच मापाचं लागतं. कोलेटमध्ये एक कण अडकला तरी बिट डुलतं, आणि डुलणारं बिट ०.१५ च्या जागी ०.३ चा चर पाडतं. नट काढून कोलेट ब्रशनं साफ करणं हे रोजचं काम समजा.

आरसा आणि शून्य

खालच्या बाजूचं तांबं मिल करायचं तर जर्बर फाइल (तांब्याच्या आकृतीची फाइल) आरशातल्यासारखी उलटी करावी लागते, आणि ड्रिलची फाइलही त्याच अक्षाभोवती. एकच उलटली की भोकं पॅडवर बसत नाहीत. कोणतीच उलटली नाही तर बोर्ड दिसायला सुरेख येतो, पण आयसीच्या पिना उलट्या क्रमानं. खालच्या तांब्यावर एक अक्षर टाकून ठेवा आणि फ्लॅटकॅम या जी-कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रिव्ह्यूमध्ये ते सरळ वाचता येतं का बघा. इंग्रजी 'आर' किंवा 'एफ' घ्या. 'ए' आणि 'एच' उलटे केले तरी तसेच दिसतात.

क्रम असा: आधी आयसोलेशन (ट्रॅकभोवतीचे चर), मग ड्रिल, शेवटी बोर्ड कापणं. आधी कापायला जाल तर सुटलेल्या तुकड्यावर काम करावं लागेल. आधी कळस मग पाया. बिट बदलल्यावर फक्त झेडचं शून्य नव्यानं घ्या, तेही त्याच बिंदूवर. एक्स आणि वायला हात लावू नका. भोकं सगळी एकाच प्रमाणात पसरलेली किंवा आक्रसलेली दिसली तर ड्रिल फाइलमध्ये इंच-मिमीचा किंवा शून्यांच्या फॉरमॅटचा घोळ आहे, मशीनचा दोष नाही.

कार्बाइड ड्रिल सरळ खाली दाब सोसतं, आडवा झटका अजिबात नाही. रेझिस्टरला आणि आयसीला ०.८ मिमीचं भोक, हेडर पिनला १ मिमी.

मधेच यूएसबी तुटते

स्पिंडलची ब्रशची मोटर विजेचा गोंगाट करते. यूएसबी केबल आखूड ठेवा, मोटरच्या वायरपासून लांब न्या, मोटरच्या टर्मिनलवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. एवढ्यानं बहुतेकदा भागतं.

पुडीबद्दल मात्र हयगय नको

एफआर-४ म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी. त्याची बारीक पूड फुप्फुसात जाते. स्वयंपाकघरात, लहान मूल झोपतं त्या खोलीत किंवा चालू पंख्याखाली हे काम करू नका. एन-९५ मास्क आणि चष्मा घाला, पूड फुंकू नका, ओल्या फडक्यानं टिपा किंवा हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमनं ओढा. शिकताना एफआर-१, म्हणजे कागद आणि फिनॉलिकचा बोर्ड घ्या. त्यात काच नसते आणि बिटही जास्त टिकतं. मास्क त्यालाही लागतोच.

सोल्डरिंगच्या आधी

चराच्या कडेला तांब्याचे बारीक तंतू उभे राहतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण दोन ट्रॅक जोडून टाकतात. हिरव्या स्क्रबरनं बोर्ड हलका घासा, टूथब्रशनं चर साफ करा, उजेडासमोर धरून भिंगातून बघा. मग मल्टिमीटरच्या बझरवर आधी सप्लाय आणि ग्राउंड तपासा, नंतर शेजारशेजारचे पॅड. लगेच सोल्डर करणार नसाल तर आयसोप्रोपिलमध्ये विरघळवलेल्या राळेचा पातळ हात द्या; आपल्या दमट हवेत उघडं तांबं लवकर काळवंडतं.

डिझाइनमध्ये ट्रॅक ०.५ मिमी, मोकळी जागा ०.३ मिमी ठेवा आणि आयसीच्या दोन पिनांमधून ट्रॅक नेण्याचा मोह टाळा. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर भोकाच्या आतून तांबं चढलेलं नसतं, हे मांडणी करतानाच लक्षात घ्या. प्रत्येक व्हायात (दोन बाजू जोडणाऱ्या भोकात) रेझिस्टरचा कापलेला पाय घालून दोन्ही बाजूंनी सोल्डर करावं लागतं. म्हणून व्हाया आयसी सॉकेटखाली ठेवू नका, आणि सॉकेटच्या पिनांचे ट्रॅक खालच्या बाजूलाच काढा, कारण सॉकेट बसल्यावर वरच्या बाजूला सोल्डरिंग आयर्न पोचत नाही.