लॉक फाइल कमिट केलीत का? नोडचा प्रोजेक्ट सर्व्हरवर चढवण्याआधी

सगळ्यात आधी पॅकेज-लॉक.जेसन गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं अवजार) आहे का ते बघा. नोड म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं अवजार, आणि ही त्याची लॉक फाइल: प्रत्येक लायब्ररीचं नेमकं कोणतं व्हर्जन बसवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. बाकीचं नंतर.

गेल्या वेळी मी इथेच आपटलो. त्या फाइलीत दर दोन दिवसांनी मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं) यायचे, म्हणून वैतागून मीच ती गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने सोडून द्यायच्या फाइलींच्या यादीत, टाकली. चार महिने काही झालं नाही. मग एका शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर नव्याने इन्स्टॉल केलं आणि सोमवारी, ३ एप्रिलला, पतसंस्थेच्या काउंटरवर पावत्यांवर ०३/०४ च्या जागी ०४/०३ छापून यायला लागलं. आमच्या कोडात अक्षरही बदललेलं नव्हतं. आम्ही पीडीएफसाठी एक लायब्ररी घेतली होती, तिने आत तारखेची दुसरी घेतली होती आणि ती दुसरी एक मायनर व्हर्जन पुढे सरकली होती. माझ्या लॅपटॉपवर तारीख बरोबर, कारण माझं नोड मॉड्यूल्सचं फोल्डर (लायब्रऱ्या बसतात ते) चार महिन्यांचं शिळं. दुपारपर्यंत मी स्वतःचाच कोड चाळत बसलो होतो.

आता यादी. नोडचं व्हर्जन ठरवून लिहून ठेवा. यावर जास्त बोलत नाही.

प्रत्येक लायब्ररी खरंच हवी का ते विचारा. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून (नोडच्या पॅकेजांचं कोठार; ती बसवणाऱ्या अवजाराचंही हेच नाव) काढून घेतलं. स्ट्रिंगच्या डावीकडे जागा भरायची, एवढंच त्याचं काम, जेमतेम ११ ओळींचं. पण बाबेलसारखी मोठी अवजारं आतून त्याच्यावर उभी होती, त्यामुळे ठिकठिकाणची बिल्ड बसली. तेव्हा ११ ओळी असतील तर स्वतः लिहा. तारखा, एन्क्रिप्शन मात्र स्वतः लिहायला जाऊ नका, तो शहाणपणा महागात पडतो.

मग पॅकेज.जेसनमधल्या (तुम्ही मागितलेल्या लायब्रऱ्यांची यादी) टोप्या बघा, म्हणजे आकड्याआधीची ^ ही खूण. ^१.४.२ लिहिलं तर २.०.० च्या खालचं, १.४.२ पासून पुढचं काहीही येऊ शकतं. ^०.४.२ ला मात्र ०.५.० च्या खालीच राहावं लागतं. टोप्या काढून नेमके आकडे लिहिले की झालं, असं मलाही वाटायचं. नाही होत. तुमचे आकडे पक्के झाले, तरी तुमच्या लायब्ररीने आत घेतलेल्या लायब्ररीच्या डोक्यावर तिची टोपी आहेच. ती आतली गाठ लॉक फाइलच बांधते. म्हणून पुन्हा: लॉक फाइल कमिट करा.

कमिट केली? आता डॉकरफाइल उघडा, म्हणजे सर्व्हरवर चालणारी इमेज (प्रोजेक्टचा बांधलेला गठ्ठा) कशी बनवायची ते सांगणारी फाइल. तिथे फक्त पॅकेज.जेसन कॉपी होत असेल आणि लॉक फाइल मागेच राहत असेल, तर कमिट करून उपयोग शून्य. हो, हेही मीच केलं, पहिल्या घोटाळ्यानंतर आठवड्याने. सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय चालवा. लॉक फाइल नसेल किंवा ती पॅकेज.जेसनशी जुळत नसेल, तर ते सरळ एरर देऊन थांबतं. गुपचूप काहीतरी नवीन आणून बसवत नाही. आणि कॉन्फ्लिक्ट आले तर लॉक फाइल हाताने सांधत बसू नका: आधी पॅकेज.जेसनमधला वाद मिटवा, मग एनपीएम इन्स्टॉल चालवा, लॉक फाइलमधला वाद ते स्वतः मिटवतं. हे पाच मिनिटांचं काम मला माहीत असतं, तर गिटइग्नोरमधली ती ओळ जन्मालाच आली नसती.

ऑडिट (लायब्रऱ्यांमधली माहीत असलेली सुरक्षेची भोकं शोधणारी एनपीएमची कमांड) चालवा, पण दुरुस्ती करताना फोर्स लावू नका. मेजर व्हर्जन उडी मारतात आणि मग वेगळंच निस्तरावं लागतं. कोणतं पॅकेज कुणी आत आणलं ते एनपीएम एलएस सांगतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची (जावातली लॉग लिहिणारी लायब्ररी, तिच्यात सुरक्षेचं मोठं भगदाड सापडलं) भानगड झाली, तेव्हा जावावाल्यांचा बराच वेळ ‘आपल्याकडे हे आहे तरी कुठे’ शोधण्यातच गेला. वर २.१५.० लावून हुश्श करावं तोवर २.१६, मग २.१७.

लायसन्स वाचा, एजीपीएल (नेटवर्कवरून वापरणाऱ्यांनाही कोड द्यायला लावणारं लायसन्स) दिसलं तर आधी विचारा. टेस्टची अवजारं डेव्ह-डिपेंडन्सीत (फक्त कोड लिहिताना लागणाऱ्या लायब्रऱ्यांच्या यादीत). अपडेट एका वेळी एक. जुनी इमेज पुसू नका.

शेवटी रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन, एनपीएम सीआय, टेस्ट. क्लोनमध्ये लॉक फाइल दिसतेय ना? आणि पावतीच्या टेस्टमधली तारीख १२ च्या पुढची घ्या. आमची १ जानेवारी होती.