बेसबॉल: संयम की ताकद? बॅटिंगमधल्या या चुका टाळा

पहिली चूक या प्रश्नातच आहे. चेंडू सोडणारा बॅटर एकीकडे आणि होमरन (चेंडू मैदानाबाहेर) ठोकणारा दुसरीकडे, अशी वाटणी करून शिकवायला घेतलं की दोघेही बिघडतात. एमएलबी या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमधल्या बॅरी बाँड्सचा २००४ चा हंगाम पाहा: २३२ वॉक (चार ‘बॉल’, म्हणजे न मारलेले झोनबाहेरचे चेंडू, झाले की मिळणारा फुकटचा बेस), ४५ होमरन, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) फक्त ४१. त्यातले १२० वॉक मुद्दाम दिलेले होते. म्हणजे वॉक नुसत्या नजरेने मिळत नाहीत, धाकानेही मिळतात. ज्याच्या बॅटची भीती नाही त्याला पिचर (चेंडू टाकणारा) बिनधास्त मधोमध टाकतो आणि बघता बघता काउंट ०-२ (शून्य बॉल, दोन स्ट्राइक) होतो. शाळांच्या सामन्यांत नुसतं उभं राहून वॉक मिळतात, पण ते पिचरला नेम नसतो म्हणून.

बॅट खांद्यावर ठेवून वाट पाहणं

ताशी ९५ मैल (सुमारे १५३ किमी) वेगाचा चेंडू जेमतेम ०.४ सेकंदात प्लेटवर (बॅटरजवळची जमिनीतली पाटी) येतो. त्यातले साधारण ०.१५ सेकंद बॅट फिरण्यातच जातात. ‘आधी बघू, मग ठरवू’ म्हणायला सवडच नाही. म्हणून प्रत्येक चेंडू मारायचाच आहे असं धरून पाऊल टाकायचं, नको असेल तर थांबायचं. सुरू केलेला स्विंग आवरता येतो. उशिरा सुरू केलेल्याला काही उपाय नाही. खूण सोपी आहे: सोडलेल्या चेंडूवरही पुढचं पाऊल नेहमीसारखं पडतंय का? पडत नसेल तर सोडायचं आधीच ठरलं होतं.

क्रिकेटमधून आलेल्यांना हे जास्त जड जातं. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडण्यात तिथे शहाणपण असतं. इथे प्लेट ४३ सेंमी रुंद आहे आणि चेंडूची कड तिच्यावरून गेली तरी, उंची योग्य असेल तर, स्ट्राइक. शिवाय नजर टप्प्याकडे जाते, ती पिचरच्या हाताकडे हवी.

सगळ्या काउंटवर एकच बेत

२-० किंवा ३-१ असताना एकच जागा निवडा, समजा प्लेटचा आतला अर्धा भाग, मांडी ते कंबर. तिथे आला तर पूर्ण ताकदीने. बाकीचा, स्ट्राइक असला तरी, जाऊ द्या. दोन स्ट्राइक झाल्या की हाच हट्ट अंगाशी येतो. तेव्हा पकड दोन-तीन सेंमी वर घ्या, दोन्ही कडांना एकेक चेंडूभर झोन (स्ट्राइकची जागा) वाढवा. बरेच जण नेमकं उलटं करतात: २-० वर खाली वळणाऱ्या चेंडूमागे धावतात आणि ०-२ वर बघत राहतात.

जोर लावला की लांब जातो, हा समज

जोराच्या नादात पुढचा खांदा लवकर उघडतो, डोकं त्याच्यामागे फिरतं. मग बाहेरचा चेंडू बॅटच्या टोकाला लागून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) घरंगळतो (उजव्या हाताच्या बॅटरचा). बॅटिंग टीवर (चेंडू ठेवायची उभी दांडी) तपासा. बाहेरच्या चेंडूसाठी टी पुढच्या पायाच्या रेषेत किंवा किंचित मागे, आतल्यासाठी वीतभर पुढे. दहा-दहा चेंडू मारा. बाहेरचे उजवीकडे सरळ जायला हवेत; डावीकडे वळत असतील तर खांदा घाई करतोय. बॅटही जड नको. पोरांना मोठ्या भावाची बॅट हवी असते, ते राहू द्या.

फक्त सरासरी बघणं

२०१७ मध्ये एमएलबीतल्या जोई गॅलोची सरासरी (फटक्यावर बेस मिळवण्याचं प्रमाण) .२०९ होती, स्ट्राइकआउट १९६. आकडा बघून कुणीही बाकावर बसवेल. पण वॉक धरून त्याचं बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३३३, लीगच्या सरासरीपेक्षा किंचित वर, आणि होमरन ४१. ढोबळ हिशेबात एक वॉक सुमारे ०.३ धावेचा आणि होमरन १.४ धावांचा.

सरावाच्या सामन्यात वहीत दोन रकाने ठेवा: झोनमधल्या किती चेंडूंवर बॅट फिरली, बाहेरच्या किती. एमएलबीत झोनमध्ये साधारण दोन-तृतीयांश, बाहेर ३० टक्क्यांच्या आसपास. बाहेरचा आकडा ४५ वर गेला तर बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाची जागा) बॅट न फिरवता २५ चेंडू बघायचे आणि प्रत्येकाला ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’ ते मोठ्याने म्हणायचं. झोनमधला आकडा निम्म्याच्या खाली असेल तर तो संयम नव्हे, धास्ती आहे. अशा मुलाला आठवडाभर एकच नियम: पहिली स्ट्राइक आपल्या जागेत आली की बॅट फिरलीच पाहिजे, मग हुकली तरी चालेल.