एकच स्टॅटिक साइट, तीन तऱ्हेचे पाहुणे

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एखाद्या होमस्टेची वेबसाइट घ्या. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबलीसाठी येणारं कुटुंब ती बघतं, द्राक्षांच्या हंगामात वायनरी फिरायला येणारे मुंबईकर बघतात आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कामाला आलेले इंजिनिअरही. एकाला पहाटेची गाडी नि कांदा-लसणाविना जेवण हवं, दुसऱ्याला मळ्याचा फोटो, तिसऱ्याला जीएसटीचं बिल. साइट मात्र स्टॅटिक: पानं आधीच तयार करून सीडीएनवर (ठिकठिकाणच्या सर्व्हरांच्या जाळ्यावर) ठेवलेली, सगळ्यांना सारखीच. तरीही ती गटागटाप्रमाणे दाखवता येते.

आधी गट ठरवा. तीन पुष्कळ झाले. तीन गट आणि तीन भाषा म्हटलं की एका पानाच्या ९ आवृत्त्या होतात, २० पानांच्या १८०. म्हणून फक्त मुखपृष्ठ बदला, तेही मथळा, वरचा फोटो आणि पहिलं बटण एवढंच.

मग पाहुण्याचा गट ओळखा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायच्या लिंकच्या शेवटी ‘गट=यात्रा’ असं जोडा (कोडमध्ये ही नावं रोमन अक्षरांत ठेवलेली बरी). जो थेट येईल त्याला पानावरच विचारा, ‘नाशिकला कशासाठी येताय?’ आणि खाली तीन बटणं द्या. आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) गाव ओळखायच्या भानगडीत पडू नका. मोबाइल नेटवर नाशिकरोडचा माणूस मुंबईत दिसू शकतो, आणि मुंबईहून येणारा प्रत्येक जण काही वायनरीलाच येत नाही. लिंकमधला गट किंवा हे उत्तर कुकीत, म्हणजे ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, साठवा. नाव, फोन काही नको, फक्त गट.

आता पानं बनवा. स्टॅटिक साइट बनवायला ह्युगो, इलेव्हन्टी, अ‍ॅस्ट्रो, काहीही वापरत असाल तरी डेटा फाइलमध्ये तीन नोंदी करा आणि एकाच टेम्प्लेटमधून तीन पानं काढा. चौथं, सर्वसाधारण पान मूळ पत्त्यावर राहू द्या. गुगलचा बॉट कुकी जपून ठेवत नाही, त्याला हेच दिसणार. तेव्हा दर आणि फोन नंबर इथं हवेतच. बाकी तिन्ही पानांचा कॅनॉनिकल पत्ता, म्हणजे गुगलला सांगायचा मूळ पत्ता, हाच द्या.

खरी गंमत पुढे आहे. मथळा ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टनं बदलला तर आधी जुना दिसतो नि मग टुणकन नवा येतो. फार वाईट दिसतं ते. त्यापेक्षा क्लाउडफ्लेअर वर्कर्स किंवा नेटलिफायचं एज फंक्शन, म्हणजे सीडीएनवरच चालणारा छोटा कोड, वापरा. ते कॅशच्या (साठवलेल्या प्रतींच्या) आधी चालतं, लिंकमधला गट किंवा कुकी वाचतं आणि आतल्या आत योग्य पान उचलून देतं. इथं रीराइट करा (पान आतून बदला), रिडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं) नको, म्हणजे वरचा पत्ता बदलत नाही. प्रत्येक आवृत्तीचा आतला पत्ता वेगळा असल्यानं सीडीएनच्या कॅशमध्येही घोळ होत नाही. ब्राउझरच्या कॅशमध्ये मात्र होतो: पाहुण्यानं गट बदलला तरी जुनंच पान येतं. त्यासाठी एचटीएमएलला ‘मॅक्स-एज=०, मस्ट-रीव्हॅलिडेट’ असा कॅश-कंट्रोल हेडर (पानासोबत जाणारी सूचना) लावा, म्हणजे ब्राउझर दर वेळी पान ताजं आहे का ते विचारून घेईल.

इन्कॉग्निटो विंडोत प्रत्येक लिंक एकदा उघडून बघा.

२०२७च्या सिंहस्थासाठी चौथी नोंद लागेलच. पर्वण्या संपल्यावर ती काढाल, पण लोकांच्या फोनमधली कुकी तशीच राहील. ओळखीचा नसलेला गट दिसला की सर्वसाधारण पान द्यायचं, ही ओळ फंक्शनमध्ये आत्ताच लिहून ठेवा. नाहीतर त्या मंडळींना ४०४, म्हणजे ‘पान सापडलं नाही’, दिसेल.