ओव्हरक्लॉक करताना व्होल्टेज कसं ठरवावं

सिनेबेंच ही प्रोसेसरच्या वेगाची चाचणी एकदा पूर्ण झाली आणि तापमान ८० अंशांच्या आत राहिलं की ओव्हरक्लॉक (प्रोसेसर नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) पक्का, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं मशीन मधूनच ब्लू स्क्रीन दाखवतं आणि शिव्या विंडोजला बसतात. टिकाऊ काम हवं असेल तर पुढच्या क्रमाने जा.

आधी प्रोसेसर आणि मदरबोर्ड ओव्हरक्लॉकला मोकळे आहेत ना, ते बघा. इंटेल असेल तर नावाच्या शेवटी ‘के’ आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. रायझनला बी किंवा एक्स मालिकेचा. इंटेलची तेरावी-चौदावी पिढी असेल तर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय कशालाही हात लावू नका. वाढीव व्होल्टेजमुळे त्या चिप खराब होत असल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं आणि बायोसमधून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला. आधीच खराब झालेली चिप मात्र त्याने सुधारत नाही.

कूलिंगवर लोक गरजेपेक्षा जास्त डोकं खपवतात. हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. लिक्विड कूलर असेल तर पंप रेडिएटरच्या वरच्या टोकापेक्षा खालीच हवा, नाहीतर लूपमधली हवा पंपात जमते आणि तो घरघरायला लागतो. एवढं पुरे.

ऑटो सेटिंगवरचा सिनेबेंच स्कोअर लिहून ठेवा. एक्सएमपी, म्हणजे रॅमला वाढीव वेग देणारी सेटिंग, सध्या बंद. प्रोसेसर आणि रॅम एकाच वेळी ताणले तर क्रॅश कोणामुळे झाला ते कळत नाही. मग मल्टिप्लायर (बेस क्लॉकला गुणणारा आकडा) एकेकाने वाढवा. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ असल्याने ५० म्हणजे ५ गिगाहर्ट्झ.

खरी गोम व्होल्टेजमध्ये आहे, आणि मीही सगळ्यात जास्त इथेच अडखळलो. व्होल्टेज ऑटोवर ठेवू नका. मशीन बंद पडू नये म्हणून बोर्ड सढळ हाताने व्होल्टेज देतो आणि ते उष्णतेत भरावं लागतं. प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फ्रीक्वेन्सी तीच ठेवून १.२० चे १.३५ व्होल्ट केलेत, तर उष्णता साधारण २७ टक्क्यांनी वाढते. महागडा कूलर आणण्याआधी हा हिशेब करा.

बायोसमध्ये १.३० भरलं म्हणून लोडखाली १.३० मिळेल, असंही नाही. करंट वाढला की व्होल्टेज खाली बसतं. रचनाच तशी असते, तो बिघाड नव्हे. हे बसणं कमी करायला लोड-लाइन कॅलिब्रेशन असतं, आणि ‘ते सरळ सर्वांत वर ठेवा’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. लोड अचानक सुटतो त्या क्षणी व्होल्टेज ठरवलेल्या आकड्याच्या वर उसळतं. ही उसळी इतकी क्षणिक असते की सेकंदाला एकदा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसतच नाही, ऑसिलोस्कोपच लागतो. स्क्रीनवरची रेघ सरळ दिसते आणि चिप मात्र मार खात राहते. मधली पातळी निवडा. पण आकड्यावर जाऊ नका: काही बोर्डांवर १ ही सर्वांत तीव्र पातळी असते, काहींवर ८. बायोसमध्ये शेजारी छोटा आलेख असेल तर तो बघून ठरवा.

पातळी ठरली की तिला परत हात लावायचा नाही. पूर्ण लोड देऊन एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हीआर व्हीआउट’ (प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटने मोजलेलं व्होल्टेज) बघा. हे रीडिंग बोर्डावर असेल तर साध्या व्हीकोर (कोर व्होल्टेज) रीडिंगपेक्षा जास्त विश्वासाचं. व्होल्टेज थोडं थोडं उतरवत जा. चाचणी जिथे फसेल त्याच्या वर १५-२० मिलिव्होल्ट ठेवा आणि थांबा.

चाचणी म्हणजे ओसीसीटी किंवा प्राइम९५ हे प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारे प्रोग्रॅम, किमान तासभर, आणि सोबत एचडब्ल्यूइन्फोमधला ‘व्हीया’ एररचा (विंडोजने नोंदवलेल्या हार्डवेअर चुकांचा) रकाना. तिथे एक जरी नोंद आली तरी सेटिंग नापास, मशीन चालू राहिलं असलं तरी. स्कोअरही पडताळा: क्लॉक वाढलेला दिसतोय पण स्कोअर घसरला, तर व्होल्टेज अपुरं आहे किंवा प्रोसेसर तापून स्वतःच मंदावतोय.

रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोरचं व्होल्टेज उणे आकड्याने कमी करणारी सेटिंग) वापरत असाल तर पूर्ण लोडच्या चाचणीवर विसंबू नका. एकच कोर हलक्या कामात सर्वांत वरच्या क्लॉकवर जातो, म्हणून मशीन रिकामं असतानाच रीस्टार्ट होतं. कोअरसायक्लर या प्रोग्रॅमने प्रत्येक कोर वेगळा तपासा. सगळ्या कोरना सरसकट उणे ३० लावून मोकळं होणं म्हणजे निव्वळ आळस.

हे पार पडलं की एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालवा. शेवटी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढून ठेवा. बायोस अपडेटनंतर सेव्ह केलेली प्रोफाइल बऱ्याचदा पुसली जातात.